सोनखताचा हिशेब : शौचालय, मैलागाळ आणि शेती यांच्या अर्थकारणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहर, त्याभोवती वाढणाऱ्या वस्त्या आणि काटोल, कळमेश्वर, उमरेड, मौदा या तालुक्यांतील गावे येथून शौचालय, मैलागाळ (सेप्टिक टँकमध्ये साचणारा गाळ) व सोनखत (मानवी मलमूत्राचे खत) यांबाबत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. तांत्रिक माहिती गरजेपुरतीच ठेवली असून भर हिशेबावर आहे. मलमूत्र वाया न घालवता शेतात खत म्हणून वापरण्याची कल्पना चांगली आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण तिचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि बचत कोणाच्या पदरात पडते हे क्वचितच मांडले जाते, आणि बहुतेक योजना नेमक्या तेथेच अडतात.

एका माणसाच्या मलमूत्राची खत म्हणून किंमत किती?

भारतीय आहार गृहीत धरून केलेल्या अंदाजानुसार एका व्यक्तीच्या मलमूत्रातून वर्षाकाठी सुमारे २.७ किलो नत्र (नायट्रोजन), ०.४ किलो फॉस्फरस आणि १.५ किलो पोटॅशियम बाहेर पडते. खताच्या पोत्यावर ज्या रूपात आकडे छापलेले असतात त्या रूपात मांडल्यास स्फुरद सुमारे ०.९ किलो आणि पालाश सुमारे १.८ किलो होते. यातील २.३ किलो नत्र एकट्या मूत्रात असते. मैला म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर विष्ठा येते, परंतु पिकाच्या दृष्टीने मोलाचा भाग बहुतांशी मूत्रात असतो.

आता रुपयांत पाहू. युरियाचे ४५ किलोचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि त्यात २०.७ किलो नत्र असते, म्हणजे नत्र किलोला सुमारे १३ रुपये पडले. डीएपीचे (नत्र व स्फुरद दोन्ही असलेल्या खताचे) ५० किलोचे पोते १,३५० रुपयांना धरले आणि त्यातील नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरद किलोला सुमारे ५४ रुपये पडते. या दराने एका व्यक्तीचे वार्षिक नत्र ३५ रुपयांचे आणि स्फुरद ४९ रुपयांचे, म्हणजे दोन्ही मिळून साधारण ८५ रुपयांचे होते. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसे असल्यामुळे त्याची किंमत येथे धरलेली नाही. पाच जणांच्या कुटुंबाचा हिशेब वर्षाला सव्वाचारशे रुपयांच्या घरात जातो. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, कारण साठवणीत आणि शेतात टाकताना नत्राचा काही भाग उडून जातोच.

मग सव्वाचारशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणाऱ्यांनी या विषयाचे नुकसान केले आहे. केवळ खताच्या विक्रीतून शौचालयाचा खर्च निघेल असे सांगणारी योजना आजच्या खतदरांत टिकत नाही. तरीही हा खटाटोप करावा, असे मला दोन कारणांनी वाटते.

पहिले कारण असे की वरची किंमत दुकानातली आहे, खरी नाही. युरियाच्या उत्पादनखर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार अनुदान म्हणून सोसते. पालाश जवळजवळ पूर्णपणे आयात होते, फॉस्फेटच्या कच्च्या मालाचीही तीच गत आहे आणि युरियासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा बाहेरूनच येतो. शेतकऱ्याच्या खिशातून न गेलेला पैसा देशाच्या तिजोरीतून जातोच, आणि सोनखताने वाचणारे युरियाचे प्रत्येक पोते ही प्रथम तिजोरीची बचत असते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते नागपूरच्याच उदाहरणाने सांगता येते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. तेवढ्या माणसांच्या मलमूत्रात वर्षाला साधारण ६,५०० टन नत्र, म्हणजे युरियाच्या तीन लाखांहून अधिक पोत्यांइतके नत्र असते. नत्र आणि स्फुरद मिळून दुकानातल्या दराने त्याची किंमत जेमतेम २० कोटी रुपये होते. याउलट नाग नदीच्या प्रदूषण निवारण प्रकल्पाचा खर्च १,९०० कोटींहून अधिक आहे. शेतात ज्याची किंमत २० कोटी, तेच द्रव्य नदीत गेल्यावर बाहेर काढायला किंवा जाण्यापासून रोखायला कितीतरी पट पैसा लागतो. ही तुलना काटेकोर नाही, कारण एक आकडा वार्षिक आहे, दुसरा भांडवली आहे आणि प्रकल्पाचे काम निव्वळ नत्र-स्फुरदापुरते मर्यादित नाही. परंतु पैसा कुठे मुरतो हे समजण्यासाठी ती पुरेशी आहे. नाग आणि पिवळी नदीचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, त्यामुळे नागपूरच्या शौचालयांची किंमत भंडारा जिल्ह्यातील मासेमार आणि नदीचे पाणी पिणारी गावेही मोजतात, आणि ती रक्कम महापालिकेच्या कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणजे खर्च कोणी करावा?

ज्याची बचत होते त्याने. कुटुंबाला खतातून फारसे मिळत नाही, शेतकऱ्याला थोडे मिळते, आणि सर्वांत मोठी बचत नगरपालिका, पाटबंधारे, आरोग्य व खत अनुदान सांभाळणाऱ्या यंत्रणांची होते. म्हणून वेगळ्या रचनेच्या, म्हणजे मूत्र व विष्ठा वेगळी ठेवणाऱ्या, शौचालयाचा वाढीव खर्च कुटुंबावर टाकून ‘खत विकून वसूल करा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. मालमत्ता करात सवलत, बांधकामाच्या वेळी थेट मदत किंवा उपसा व वाहतूक सार्वजनिक पैशातून करणे, यांपैकी काहीही चालेल.

भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीला जाते. हा पुनर्वापरच नाही का?

होय, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते, त्यामुळे तेवढे पेंच धरणाचे स्वच्छ पाणी पिण्यासाठी आणि सिंचनासाठी मोकळे राहते. पाण्याला कायमस्वरूपी ग्राहक मिळाला, ग्राहकाला पाण्याची खात्री मिळाली आणि करार दीर्घ मुदतीचा झाला. देशातील अनेक प्रक्रिया केंद्रे बंद पडतात ती अशा ग्राहकाअभावीच.

मात्र तेथे पुनर्वापर पाण्याचा होतो, अन्नद्रव्यांचा नाही. वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्यात नत्र आणि फॉस्फेट नकोसे असतात, कारण त्यांनी शेवाळ वाढते आणि नळ्यांत क्षार साचतात. म्हणजे शेतकरी ज्यासाठी पैसे मोजतो तेच येथे वीज आणि रसायने खर्चून काढावे लागते. मूत्राचा काही भाग जरी मलवाहिनीत शिरण्याआधी वेगळा झाला, तरी या प्रक्रियेवरचा भार हलका होईल. पाण्याचे गणित सुटले, आता नत्र-स्फुरदाचे हाती घ्यावे.

शहरातील मूत्र टँकरने काटोलच्या संत्राबागांत नेता येईल का?

नेता येईल, परवडणार नाही. ५,००० लिटरच्या टँकरमधील मूत्रात साधारण २३ किलो नत्र, म्हणजे एका पोत्याहून थोडे अधिक युरियाइतके नत्र असते. त्यातील स्फुरदही धरले तरी पूर्ण टँकरची किंमत ६५० ते ७०० रुपयांपलीकडे जात नाही. नागपूर ते काटोल जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर होतात. टँकर लिटरला चार किलोमीटर चालतो आणि डिझेल लिटरला ९० रुपये असे धरले, तर नुसते इंधन २,७०० रुपयांचे लागते. चालक, गाडीची झीज आणि भरण्या-उतरवण्याची मजुरी वेगळीच. निव्वळ डिझेलचा विचार केला तरी पंधरा किलोमीटरच्या पुढे हा व्यवहार तोट्यात जातो, आणि सर्व खर्च धरल्यास ही हद्द पाच-सात किलोमीटरवर येते.

म्हणूनच मूत्र जेथे निर्माण होते तेथेच वापरणे, किंवा त्यातील पाणी काढून ते आटोपशीर करणे, असे दोनच मार्ग उरतात. मॅग्नेशियमचा क्षार टाकून फॉस्फेटचे खडे बनवण्याची पद्धत सोपी आहे, परंतु तीत बहुतेक नत्र मागेच राहते. स्वित्झर्लंडमध्ये मूत्र आटवून बनवलेले ‘ऑरिन’ हे द्रवखत अन्नपिकांसाठीही मान्यताप्राप्त आहे. त्या मार्गाला वीज लागते आणि युरियाच्या आपल्याकडील दराशी त्याची स्पर्धा होऊ शकत नाही. शाळा, वसतिगृहे, मंगल कार्यालये, धाबे आणि शेताला लागून असलेल्या वस्त्या येथे पहिला मार्ग खुला आहे. विहिरीवरचे वावर आणि वसतिगृह एकाच धुऱ्याला लागून असेल, तर वाहतुकीचा प्रश्नच उरत नाही.

गावात दोन शोषखड्ड्यांचे शौचालय आहे. त्याचे खत मिळते ना?

मिळते, पण त्यातून अपेक्षा काय ठेवावी हे समजून घ्यावे. स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबाला जे १२,००० रुपये प्रोत्साहन मिळते, त्यात ही रचना बसते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा. एक मीटर व्यासाचा व तेवढाच खोल खड्डा पाच जणांच्या कुटुंबाला तीन वर्षांच्या आसपास पुरतो. बंद राहिलेल्या खड्ड्यातून निघणारे खत भुसभुशीत व गंधहीन असते आणि जमिनीतील सेंद्रिय कर्बासाठी उपयोगी असते. मात्र मूत्रातील नत्र तोपर्यंत जमिनीत मुरलेले असते, त्यामुळे ते युरियाची जागा घेत नाही. या रचनेची खरी बचत ही आहे की सेप्टिक टँकपेक्षा बांधकाम स्वस्त होते आणि उपशाच्या गाडीला कधीच बोलवावे लागत नाही.

आपल्या भागात दोन अडचणी विशेष आहेत. काळी माती पावसात फुगते आणि पाणी मुरू देत नाही, म्हणून खड्ड्याभोवती सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा, वाळूचा किंवा गिट्टीचा थर भरावा लागतो. हा खर्च वाचवणारा गवंडी पहिल्याच पावसाळ्यात घरमालकाला तुंबलेले शौचालय देतो. दुसरी अडचण विहिरीची. मुरलेले नत्र नायट्रेट होऊन भूजलात जाते आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. खड्डा आणि विहीर यांत किमान दहा मीटर अंतर हवे, आणि जेथे पाणी उथळ आहे तेथे मूत्र वेगळे करणारे शौचालय अधिक योग्य ठरते.

आमच्या ले-आउटमध्ये गडर लाइन (मलवाहिनी) नाही, सेप्टिक टँक आहे. उपसलेल्या गाळाचे काय होते?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे आहेत, ते वाढले पाहिजेत. टँक भरून वाहू लागला की खासगी गाडी बोलवायची आणि फेरीचे पैसे द्यायचे, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत आहे. गाडीवाल्याला पैसे टँक रिकामा करण्याचे मिळतात, गाळ योग्य जागी नेण्याचे मिळत नाहीत. प्रक्रिया केंद्र लांब असेल, तर जवळच्या नाल्यात गाडी रिकामी करण्यात त्याचे डिझेल आणि वेळ वाचतो. त्याला दोष देऊन काही बदलणार नाही, पैसे देण्याची रीत बदलावी लागेल.

महाराष्ट्रातच त्याचे उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी प्रत्येक घराचा टँक ठरावीक वर्षांनी क्रमाने उपसण्याची पद्धत आणली. घरमालक फेरीचे पैसे देत नाही, खर्च करातून भागवला जातो आणि ठेकेदाराला मोबदला ठरलेले काम पूर्ण झाल्यावर मिळतो. त्यामुळे गाळ प्रक्रिया केंद्रातच पोचवण्यात ठेकेदाराचे हित राहते. नियमित उपशाने टँकचे कामही सुधारते, कारण बारा-पंधरा वर्षे न उपसलेला टँक मैला नुसता पुढे ढकलत असतो. कर्नाटकात देवनहळ्ळी येथे अशा गाळापासून कंपोस्ट करून ते शेतकऱ्यांना दिले जाते. नागपूरच्या हद्दीबाहेर वाढलेल्या ले-आउटना हीच दिशा लागू पडते असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे मलवाहिनी पोचायची वाट पाहत बसणे सर्वांत महाग पडेल.

ताजा मैला किंवा सेप्टिक टँकचा गाळ थेट शेतात टाकला तर?

टाकू नये. जंतांची अंडी जमिनीत महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि आजारपणात बुडालेली मजुरी व औषधाचा खर्च कितीही खत वाचले तरी भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २० ते ३५ अंश तापमानात विष्ठा वर्षाहून अधिक काळ कोरडी साठवावी, किंवा ५० अंशांहून अधिक तापमान किमान आठवडाभर टिकेल असे कंपोस्ट करावे. अनेक घरांचे मूत्र एकत्र केले असेल तर ते २० अंशांवर सहा महिने बंद डब्यात ठेवल्यास सर्व पिकांना वापरता येते. एकाच कुटुंबाचे मूत्र स्वतःच्या शेतात वापरायचे असेल तर मुदत शिथिल आहे, परंतु शेवटची मात्रा आणि काढणी यांत महिनाभराचे अंतर राखावे. नागपूरचा उन्हाळा या कामी साथ देतो; राख घालून कोरडी ठेवलेली विष्ठा त्या उन्हात लवकर वाळते आणि रोगजंतू लवकर मरतात.

कोणत्या पिकाला आणि कसे द्यावे?

सुरुवात कपाशीने करावी. ती खाल्ली जात नाही, तिला नत्र लागते आणि ती आपल्याकडे सर्वत्र आहे. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्र धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाचे वर्षाचे मूत्र सुमारे अर्ध्या एकराला पुरते. साठवलेले मूत्र सर्व पिकांना चालत असले तरी सावधगिरी म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी यांना सोनखत देऊ नये. संत्र्याच्या झाडाला आळ्यात देता येते, मात्र गळालेले फळ उचलून विकू नये.

आपली जमीन बहुधा विम्लधर्मी (अल्कधर्मी) असल्याने मूत्र वरून शिंपडले तर नत्र अमोनिया होऊन हवेत जाते, म्हणून ते सरीत ओतून लगेच मातीने झाकावे. मूत्रात मीठही असते आणि काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो. ज्या शेतात आधीच क्षार फुटले आहेत तेथे ते वापरू नये, आणि इतरत्रही माती परीक्षणात विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण, वाढताना दिसली तर थांबावे. कापूस, लिंबूवर्गीय फळे आणि मृदा सर्वेक्षण या तिन्ही विषयांच्या राष्ट्रीय संस्था नागपुरात आहेत. त्यांनी या जमिनीवर सोनखताचे अनेक हंगामांचे प्रयोग करावेत आणि शिफारशी मराठीत द्याव्यात, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

औषधांचे अंश आणि जड धातू?

घरगुती मूत्रात जड धातू अत्यल्प असतात. औषधांचे अंश मात्र असतात, त्यांतील अनेकांचे जमिनीतील जिवाणू विघटन करतात, काही टिकतात. रुग्णालयाचे मूत्र म्हणूनच कधीही वापरू नये. शहराच्या एकत्रित मलवाहिनीतील गाळाचा प्रश्न निराळा आहे. त्यात कारखाने आणि गॅरेजचे पाणी मिसळलेले असते, आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय तो शेतात नेऊ नये.

शौचालयाला जोडलेला गोबरगॅस फायद्याचा आहे का?

एका माणसाच्या विष्ठेतून दिवसाला साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटर गॅस मिळतो. पाच जणांचा गॅस दीडशे लिटरही होत नाही आणि कुटुंबाच्या स्वयंपाकाला त्याच्या सहा-सात पट लागतो. दोन-तीन जनावरांचे शेण जोडले तरच घरगुती संयंत्र परवडते. वसतिगृह, आश्रमशाळा किंवा मोठे सार्वजनिक शौचालय असेल तर गणित उघडपणे फायद्याचे होते. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर या विषयावर काम केले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संयंत्रातून निघणाऱ्या स्लरीत नत्र टिकून राहते, हा शोषखड्ड्यापेक्षा मोठा लाभ आहे.

हे काम करणार कोण?

या विषयातला सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. आपल्या समाजाने मैल्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादले आणि स्वस्त स्वच्छतेची किंमत त्या माणसांच्या आयुष्यातून वसूल केली. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास माणूस नेमण्यावर बंदी आहे. मलवाहिनीत किंवा टँकमध्ये मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. ज्या सोनखत योजनेचे गणित स्वस्त मजुरीवर जुळते, ते गणित खोटे आहे. यंत्र, संरक्षक साहित्य, विमा, नियमित पगार हा सारा खर्च पहिल्या ओळीत लिहावा आणि मगच योजना परवडते का ते पाहावे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि इकडे सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात सफाईचे काम सर्वांनी मिळून केले, ते याच अन्यायाला नकार देण्यासाठी. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे, तेथे सोनखताच्या नावाने जुनी कामवाटणी परत येऊ देता कामा नये.

शेतकरी विकत घेतील का?

आवाक्यातल्या दरात आणि खात्रीच्या मालाला गिऱ्हाईक आहे. शेणखत दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे, कारण बैल कमी झाले आहेत. नकोसे वाटणे काही काळ राहते, पण शेजारच्या शेतात परिणाम दिसला की ते ओसरते. शहरी कंपोस्टच्या विक्रीला केंद्र सरकारने टनामागे १,५०० रुपयांचे बाजार विकास साहाय्य २०१६ साली जाहीर केले होते. मैलागाळाच्या कंपोस्टला गुणवत्ता तपासून तशीच मदत मिळायला हवी. फुकट वाटणे टाळावे, कारण फुकटच्या खताची तपासणी कोणी मागत नाही.

माझे शेत सेंद्रिय प्रमाणित आहे. वापरू का?

प्रमाणीकरण संस्थेकडून लेखी उत्तर येईपर्यंत वापरू नका. मानवी विष्ठेबाबतचे नियम कडक आहेत आणि निर्यातीच्या कापसाचे प्रमाणपत्र गेले तर होणारे नुकसान खताच्या किमतीपेक्षा फार मोठे असते.

आम्ही नवी इमारत बांधत आहोत. आत्ताच काय करून ठेवावे?

मूत्रालयांची वाहिनी वेगळी काढून ठेवा, जरी आज ती मुख्य वाहिनीलाच जोडली तरी. बांधतानाच वेगळी नळी टाकणे स्वस्त असते, नंतर फरशी फोडून टाकणे महाग पडते. धुण्या-अंघोळीचे पाणीही वेगळे घ्या. जागा असेल तर नागपूरच्याच नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीचा विचार करा. तीत वनस्पती व खडीच्या वाफ्यातून पाणी शुद्ध होते आणि विजेचा खर्च अल्प असतो.

बंद ठेवलेला खड्डा उघडला आणि मैला ओलाच निघाला, तर?

झाकण परत लावा आणि आणखी सहा महिने थांबा. दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरले जात नाहीत ना, हे मधल्या चेंबरमध्ये पाहा. बहुतेक वेळा एक तोंड बुजवायचे राहून गेलेले असते. पावसाचे पाणी झाकणावरून आत जात असेल तर भोवती मातीचा उंचवटा करा. खड्डा उपसण्यासाठी एप्रिल-मे हे महिने योग्य, आणि निघालेले खत पेरणीपूर्वी शेतात पसरून वखराच्या पाळीने मातीत मिसळावे.